आवाज बसला तो हिवाळा

गारखेड्यात थंडी आली हे कॅलेंडर सांगत नाही, डांबरगोळ्या सांगतात. सकाळी कॉलनीच्या सभागृहाचं दार उघडावं आणि आतून शंभर कपाटं एकदम उघडल्यासारखा वास यावा, की समजायचं, लोकांनी माकडटोप्या बाहेर काढल्या. परवा तसं झालं. योगवर्गाची मंडळी चटया टाकून बसली होती, प्रत्येकाच्या टोपीतून फक्त डोळे आणि नाक बाहेर. मी दारातच थांबलो. हात आपोआप गळ्याकडे गेला. लोकांना थंडीत गुडघे आठवतात, मला गळा आठवतो, आणि त्याच्यामागून दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा अख्खाच्या अख्खा चालत येतो.

तेव्हा माझ्याकडे आवाज होता. मोठा होता म्हणणं म्हणजे दौलताबादचा किल्ला जरा उंचावर आहे म्हणण्यासारखं. मी सभागृहात ओंकार लावला की किल्ल्याच्या अंधारी वाटेतली वटवाघळं उठून खुलताबादला जाऊन लटकत. ‘श्वास घ्या’ म्हटलं की क्रांती चौकात लाल दिव्याला उभी असलेली माणसं श्वास घेत, आणि मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत हिरवा लागला तरी एक रिक्षा हलत नसे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एकाच वेळी सभागृहात आणि चौकात मी कसा असणार? पण बनकर मामांनी सांगितलंय, आणि मामा खोटं बोलत नाहीत, ते फक्त माझ्यापेक्षा जरा जास्त सांगतात.

बनकर मामांचा दौलताबादच्या अलीकडं पेरूचा मळा. मुलगा इथं कंपनीत लागला, त्यानं गारखेड्यात घर घेतलं, आणि मामा अर्धा आठवडा मळ्यात, अर्धा आठवडा माझ्या वर्गात असे राहू लागले.

“सर,” ते म्हणायचे, “तुमच्या आवाजानं माझे पेरू पिकायलेत. फवारणीची गरजच नाय.”

“मग पेटी कधी आणताय?”

“आणली असती. पन लई पिकून फुटले ना सगळे.”

घरी मात्र या आवाजाला किंमत नव्हती. बायको म्हणायची, “अहो, तो वर्गातला आवाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत जा. मी स्वयंपाकघरात आहे, वीरासनात नाही.”

योग शिकवणाऱ्या माणसाचं हत्यार त्याचं शरीर, असं लोक समजतात. मीही समजायचो. खरं तर वर्गातल्या अर्ध्या लोकांचं तोंड जमिनीकडे असतं, उरलेल्यांचे डोळे मिटलेले असतात. मी पोटावर मोर नाचवला तरी बघणार कोण? त्यांच्यापर्यंत पोचतो तो आवाज. पण ही अक्कल मला गुरूनं दिली नाही की पुस्तकानं दिली नाही. ती दिली सुमनकाकूंनी, आणि अक्कल येते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो, तसा मलाही झाला.

काकू दिवाळीनंतर पहिल्यांदा आल्या. घराणं भिक्षुकीचं, काकू स्वतः जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, उभं राहणं अजून खुर्चीवरच्या साहेबाला जाब विचारल्यासारखं. काचबिंदूनं दोन्ही डोळे खाल्ले होते. सुरळी केलेल्या कागदातून बघावं तेवढं दिसायचं, तेही धुरातून. त्यांचे यजमान अप्पा त्यांना कोपराला धरून आणायचे, चटईवर उभं करायचे, चपला नीट जोडून ठेवायचे आणि दाराशी वर्तमानपत्र वाचत बसायचे.

पहिल्या दिवशी मी माझ्या खास थाटात सुरू झालो. “हात असा वर घ्या. असा वळवा. आता मान अशी.” सगळा वर्ग वळला. काकू हात वर करून तशाच उभ्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ‘असं’ म्हणता ना.”

“हो.”

“ते ‘असं’ म्हणजे कसं?”

वर्ग हसला. मीही हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला सांगता येईना. इतकी वर्षं मी शिकवत होतो आणि माझ्या सगळ्या विद्येत ‘असं’, ‘तसं’ आणि ‘इकडं बघा’ याखेरीज शब्दच नव्हते. बोट दाखवायची सोय काढून घेतली आणि मी मुका झालो. तो पहिला मुकेपणा. खरा नंतर यायचा होता.

मग मी घरी डोळे मिटून स्वतःलाच सांगू लागलो. आधी अवयवाचं नाव घ्यायचं, म्हणजे माणूस मनानं तिथं जाऊन पोचतो. मग दिशा. मग क्रिया. “उजवी टाच. मागे. जमिनीत रोवा.” आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. शब्द पोचायला वेळ लागतो, पाय हलायला त्याहून जास्त, आणि आम्ही मास्तर लोक त्या मोकळ्या जागेत ‘छान, सुंदर, करा करा’ असं भरत बसतो, एसटीत वरच्या फळीवर पिशव्या कोंबाव्यात तसं. श्वास आत घ्यायला सांगताना आवाज जरा चढला पाहिजे, सोडायला सांगताना उतरला पाहिजे. ‘शांत व्हा’ हे वाक्य हवालदाराच्या आवाजात म्हणायचं नसतं. मी ते तसंच म्हणायचो, लोक घाबरून शांत व्हायचे, आणि मला वाटायचं, काय माझा प्रभाव.

काकू माझ्या आवाजामागं चालू लागल्या. वळा म्हटलं की वळायच्या, वाका म्हटलं की वाकायच्या. एक दिवस वृक्षासनात एका पायावर उभ्या राहिल्या, हात डोक्यावर जोडलेले, मिटल्या डोळ्यांनी. दाराशी अप्पांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही.

वर्ग सुटल्यावर काकू मला म्हणाल्या, “इथं येते तेवढाच वेळ मला कुणी धरत नाही, सर.”

“म्हणजे?”

“घरात सगळे प्रेमळ आहेत. म्हणून दिवसभर धरतात. संडासाला धरून, ताटावर धरून, देवापुढं धरून. नातू सात वर्षांचा, तोही धरतो. इथं मी तुमचा आवाज धरते. म्हणजे धरणारी मी असते.”

एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस नम्र झाला असता. मी फुगलो. उद्या आपला एखादा शब्द काकूंना ऐकू आला नाही तर काय घ्या, म्हणून मी आवाज आणखी चढवला. त्यात डिसेंबर उजाडला, माकडटोप्या आल्या, लोकरीत गुंडाळलेल्या कानांशी माझं युद्ध सुरू झालं. आणि आमच्या शहराचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. ते जावयासारखं येतं, कधी येईल सांगत नाही आणि आलं की सगळ्यांना कामाला लावतं. त्या महिन्यात ते नेमकं वर्गाच्या वेळेला यायचं. कॉलनीतल्या प्रत्येक घरातली मोटर एकदम सुरू व्हायची. भुजंगासनातून निम्म्या बायका तशाच सरपटत दाराकडे जायच्या, आणि उरलेल्यांसाठी मी त्या मोटारींवर ओरडायचो. एकदा तर मी इतका ओरडलो की मोटारीच बंद पडल्या. वीज गेली होती, असं बायको म्हणते. असेल.

काकूंनी एकदा हळूच सांगितलंही होतं. “सर, मोठ्यानं बोललात की तुमचा आवाज सगळीकडून येतो. भिंतीतून, छतातून. मला कळत नाही तुम्ही कुठं आहात. हळू बोललात तर कळतं.” मी हो म्हणालो, आणि हे हो सुद्धा मोठ्यानंच म्हणालो.

आणि मग ती सकाळ. गार वारा खिडकीच्या फटीतून आत येत होता, मोटारी घुमत होत्या, मी छाती भरून घेतली आणि पुकारलं, “वीरभद्रासन.” त्यातलं ‘वी’ बाहेर आलं. ‘रभद्रासन’ आतच राहिलं. मी पुन्हा तोंड उघडलं. सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा फुसका वारा आला. सगळे हात पसरून उभे.

“सर,” मामा म्हणाले, “रेंज गेली का?”

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून माझ्या आवाजाचं घर पाहिलं. ते पडद्यावर मलाही दिसलं. जे आम्ही सात नद्यांच्या धबधब्यासारखं समजत होतो ते म्हणजे दोन लहानशा ओलसर पट्ट्या, आणि त्यांवर चप्पल चावून यावेत तसे घट्टे. डॉक्टर म्हणाले, “संक्रांतीपर्यंत मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो.” बायको शेजारी बसली होती. तिनं डॉक्टरांना मनापासून नमस्कार केला.

पण दोन दिवसांत घर इतकं गप्प झालं की तिनं बातम्या लावून ठेवायला सुरुवात केली, कुणीतरी भांडतंय एवढं तरी ऐकू यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “काहीतरी बोला हो. नसलेलं सांगा, पण बोला.” मी लाटण्याकडे बघत बसलो. माणसाच्या नुसत्या गप्पा बंद होत नाहीत. ‘मीठ दे’ ही आज्ञा होऊन जाते, कारण ती बोटानं करावी लागते. कुणी चुकीचं बोललं तर ते तसंच खरं होऊन राहतं. भाजीवाला माझ्याशी हातवारे करू लागला, तेही मोठ्यानं.

वर्ग मात्र चालू ठेवला. इतरांचं अडलं नाही. मी समोर उभा राहून करून दाखवायचो, ते करायचे. ‘असं’ची सोय पुन्हा मिळाली होती. अडल्या त्या एकट्या काकू. त्या आपल्या चटईवर माझ्या दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या, आणि माझी दिशा तिथं नसायचीच.

आधी मी भोंगा आणला, म्हणजे तो मोबाइलला जोडायचा छोटा डबा. माझ्याच एका जुन्या वर्गाचं ध्वनिमुद्रण लावलं. डब्यातला मी तडाखेबंद बोलत होतो. काकूंचा उजवा पाय अजून वरच होता आणि डब्यातला मी डाव्यावर पोचून शाबासकी देत होतो. त्या थांबल्या. “हा बघत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “नुसता बोलतो.” तोवर मला कळलं नव्हतं की बोलताना मी काकूंचा पाय बघायचो आणि तो टेकेपर्यंत पुढचा शब्द धरून ठेवायचो. डब्यातला मी अगदी माझ्यासारखा होता, पण त्याला कुणाची पडलेली नव्हती.

मग मामा पुढं आले. मी करून दाखवायचं, मामांनी बोलायचं. मामांचा आवाज मळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला पाणी वळवायला सांगणारा.

“काकू, पाय उचला. डावा. नाय, त्यो नाय. व्हय, त्यो. आता वर. अजून वर. बास की, कुठं निघाला?”

काकू हसायला लागल्या. त्या हिवाळ्यात त्यांचं हसणं मी तेवढंच ऐकलं. मामांना चेव आला.

“आता हात विमानावानी करा. तिरकं नगा होऊ, विमान पडंल.”

काकू हसता हसता कलल्या. एका पायावर होत्या, दुसरा हवेत, खाली फरशी. मी शेजारीच होतो. एरवी मी एवढंच म्हणालो असतो, “डावा तळवा खाली,” आणि तो तळवा टेकला असता. शब्द तोंडापर्यंत आला, तिथंच मेला. मी दोन्ही हातांनी त्यांना धरलं. कोपराला. अप्पा धरतात तिथंच.

काकूंचं हसणं बटण बंद करावं तसं थांबलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुम्हीपण?”

मी हात काढून घेतले. अप्पा येऊन त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी काकूंची चटई आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, थंडी आहे, वय आहे. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते लोकांनी आपापलं ठरवलं.

संक्रांत आली. तिळगूळ देताना प्रत्येकजण मला गोड बोला म्हणत होता आणि म्हटल्यावर जीभ चावत होता. माझ्या पुढ्यात एवढे लाडू साठले की त्यांच्यावर उभं राहिलं असतं तर शहराच्या पलीकडच्या टोकाची पाणचक्की दिसली असती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. थोडं बोला, हलकं बोला, दमलात की थांबा. घरी येऊन मी पहिला शब्द म्हणालो, “चहा.” बायकोनं वळून बघितलं, मांजर आलं का म्हणून.

आजही माझा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. मागच्यांना पुढं सरकावं लागतं. नवीन आलेले म्हणतात, किती मृदू बोलता सर, किती साधना असेल. मी तोंडभर हसतो आणि साधनेची बारा वर्षं, हिमालयातली एक गुहा असं काहीबाही सांगून टाकतो. मामा मागून म्हणतात, “गुहेत मोटर व्हती म्हन.” पण थंडी पडली, तो वास आला, की मला काकूंच्या घरातली ती सकाळ आठवते, आणि तिच्यात भर घालायला मला आजवर काही सुचलेलं नाही.

मी संक्रांतीनंतर लगेच गेलो. दार अप्पांनी उघडलं. काकू गच्चीकडच्या खोलीत, उन्हाच्या पट्ट्यात खुर्चीवर होत्या, शाल मांडीवर, हात शालीवर. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “काकू.” गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. त्यांनी तोंड बरोब्बर माझ्याकडे वळवलं.

“आलात,” त्या म्हणाल्या. “बसा. जास्त बोलू नका, वाया घालवू नका.”

मग त्या उठल्या, अप्पांना हातानं लांब राहायला सांगितलं, पायानं चाचपत सतरंजी गाठली आणि आपणच सुरू झाल्या. “उजवी टाच. मागे. जमिनीत रोवा.” माझेच शब्द, माझीच थांबण्याची जागा, श्वासाच्या वेळी माझाच चढ. एवढे दिवस त्या रोज एकट्या हे करत होत्या. मी भिंतीला टेकून बघत होतो. माझ्याविना सगळं नीट चाललं होतं, आणि मला आनंद व्हावा की रडू यावं ते ठरत नव्हतं. शेवटी त्या शवासनात पाठीवर आडव्या झाल्या.

“इथंच माझं अडतं,” त्या छताकडे तोंड करून म्हणाल्या. “यातून बाहेर यायचं तुम्ही काय सांगायचात, ते मला येत नाही. तुम्ही अगदी हळू सांगायचात आणि तोवर माझा डोळा लागलेला असायचा. शब्द कळायच्या आधीच, नुसत्या आवाजानं मी जागी व्हायचे. घरी मी अशी पडते, मग अप्पा हलवून उठवतात. हलवलं की छातीत धस्स होतं. आज तुम्ही सांगा. तेवढंच सांगा.”

मी म्हणालो, “सांगतो.” तो शब्द जेमतेम निघाला.

उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवरून गुडघ्यापर्यंत आला. श्वास लांब झाला. चेहरा सैल झाला. वेळ झाली. मी जवळ जाऊन बसलो, घसा ओला केला, म्हणायला गेलो, “हळूहळू श्वासाकडे लक्ष द्या.” वारा आला. पुन्हा म्हणालो. ओठ हलले. तो आल्या आल्या म्हटलेला ‘काकू’ आणि तो ‘सांगतो’, एवढंच त्या दिवसाचं शिल्लक होतं, ते मी खर्चून बसलो होतो. अप्पा चहाचे कप घेऊन दारात उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवले, पण उठवायला पुढं झाले नाहीत. आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, एकाला हात लावायची बंदी, दुसऱ्याला बोलता येईना.

रस्त्यावरून घंटागाडी गेली. तिच्या कर्ण्यानं काकू दचकून जाग्या झाल्या.

“तुम्ही सांगितलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच अप्पा बोलले. मला वाचवायला बोलले. भल्या माणसानं माझ्यादेखत पहिल्यांदा थाप मारली. “अगं सांगितलं की त्यांनी. दोनदा सांगितलं.”

काकूंचा हात सावकाश वर गेला आणि कानाला लागला. मग दुसरा हात दुसऱ्या कानाला.

“मला ऐकू नाही आलं,” त्या म्हणाल्या.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. “अगं नाही, मी आपलं असंच म्हणालो. ते बोललेच नाहीत. त्यांचा घसा...”

“डोळ्यांच्या वेळीही तुम्ही असंच केलंत,” काकू म्हणाल्या. “महिनाभर म्हणत होतात, दिवा मंद आहे.”

“तसं नाही गं, खरंच.”

“दोनदा सांगितलं, म्हणालात. ते तुम्ही सहज म्हणालात. आता सारवताय.” त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं, पण या वेळी अंदाज जरा चुकला, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, “सर, खरं सांगा. तुम्ही बोललात का?”

एका अक्षराचं उत्तर होतं. आयुष्यभर मी वटवाघळं उडवली, रिक्षा अडवल्या, पेरू पिकवले, आणि त्या खोलीत मला एक ‘ना’ काढता येईना. काकूंची बोटं कानांवरच होती. मग जे करायचं नाही असं ठरवून आलो होतो तेच मी केलं. त्यांचा हात धरला. त्यांनी तो मागे ओढला, मी सोडला नाही. तो मी माझ्या गळ्यावर नेऊन ठेवला, जिथं बोलताना शिरशिरी होते तिथं, आणि जमेल तेवढ्या जोरानं म्हणू लागलो की काकू, तुमचे कान शाबूत आहेत, मीच गप्प होतो.

त्यांची बोटं गळ्यावर स्थिर झाली. काही जाणवतंय का ते शोधत राहिली.

“बोला,” काकू म्हणाल्या.

मी बोलतच होतो.